सुरुवात कुठून करायची, ते सांगणाऱ्याला ठरवू द्या

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एका सार्वजनिक ग्रंथालयात २० जूनला, म्हणजे जागतिक निर्वासित दिनाला, दुसऱ्या देशांतून येऊन राहिलेल्या आठ-दहा जणांना आपापल्या प्रवासाबद्दल बोलायला बोलावलं आहे. काही निर्वासित आहेत, काही नोकरीसाठी आलेले. प्रत्येकाला दहा मिनिटं, मग श्रोत्यांचे प्रश्न. सगळ्याचं ध्वनिमुद्रण करून ग्रंथालयात जपून ठेवायचाही विचार आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या ताई विचारतात, कोणाला न दुखावता कसं विचारू? आणि बोलल्याने या लोकांचं मन हलकं होईल ना?

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. बोललं की मन हलकं होतं, असं आपण सगळेच धरून चालतो. पहिली काही वर्षं मीही तसंच धरून चालले होते. एकोणीस वर्षं मी आश्रय मागणाऱ्या लोकांचे जबाब लिहून घेतले. एका खोलीत वकील, दुभाषी, मी आणि समोर ती व्यक्ती. गेली दहा वर्षं त्याच्या जोडीला लोकांचा प्रवास त्यांच्याच आवाजात नोंदवून जतन करण्याचं काम करते आहे. दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. काय सांगायचं, किती, कोणाला आणि कुठे थांबायचं हे माणसाच्या स्वतःच्या हातात असेल, तर सांगून त्याला बरं वाटतं. ते दुसऱ्याच्या हातात गेलं, की तेच सांगणं पुन्हा एकदा त्याच्या अंगावर येतं.

मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाला लवकरात लवकर बसवायचं आणि काय काय घडलं ते सविस्तर बोलतं करायचं, ही पद्धत एके काळी जगभर वापरत असत. पुढे तिचे परिणाम तपासले गेले तेव्हा असं दिसलं, की अशा एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपत्तीत मदत करणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तिचा सूर म्हणूनच असा आहे: ज्याला बोलायचं आहे त्याचं ऐका, पण कोणालाही बोलायला भाग पाडू नका.

सांगण्यातून बरं करणारे उपचार नाहीत असं नाही. जर्मनीतल्या कोन्स्टान्झच्या मानसशास्त्रज्ञांनी युद्ध आणि छळ सोसलेल्या लोकांसाठी एक पद्धत घडवली आहे. तिच्यात जमिनीवर एक दोरी पसरतात. एक टोक म्हणजे जन्म. तिथून पुढे आयुष्यातल्या चांगल्या प्रसंगांपाशी फूल ठेवायचं, वाईट प्रसंगांपाशी दगड. दोरीचं दुसरं टोक गुंडाळलेलंच राहतं, कारण ते आयुष्य अजून यायचं आहे. मग कित्येक बैठकांमधून, प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने, एकेका दगडापाशी थांबत सगळं आयुष्य शब्दांत मांडलं जातं आणि शेवटी ते लिहिलेले कागद त्या व्यक्तीच्या हाती दिले जातात. त्याआधी चिलीत, पिनोशेच्या हुकूमशाहीत छळ झालेल्यांच्या साक्षी टेपवर नोंदवून, त्यांच्यासोबत बसून लेखी रूपात आणण्याचं काम तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलं होतं. १९८३ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं तेही टोपणनावांनी, इतकी परिस्थिती बिकट होती.

या दोन्हींत वेळ भरपूर आहे, दार बंद आहे, आणि शेवटी कागद सांगणाऱ्याकडे जातो. तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत आणि समोर भरलेलं सभागृह. तेव्हा उपचाराची अपेक्षा या कार्यक्रमावर ठेवू नका. त्याचं काम वेगळं आहे आणि माझ्या लेखी तेही मोलाचं आहे. बसच्या थांब्यावर रोज दिसणाऱ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या शब्दांत ओळखण्याची संधी लोकांना सहसा मिळतच नाही.

निर्वासितांना बोलावताना एक गोष्ट मनात ठेवा. त्यांनी आपली हकिगत याआधी अनेकदा सांगितलेली असते. सीमेवरच्या पोलिसाला, नोंदणीच्या टेबलापाशी, डॉक्टरला, वकिलाला, मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि अर्ज फेटाळला गेला तर न्यायाधिकरणापुढे. दर वेळी ती ऐकली जाते ती पारखण्यासाठी. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होईल अशी साधार भीती असावी लागते, आणि स्वतःच्या देशाकडून संरक्षण मिळण्यासारखं नसावं लागतं. मूळ करारात १ जानेवारी १९५१ च्या आधीच्या घडामोडींपुरतीच व्याख्या होती. ती मर्यादा १९६७ च्या पूरक कराराने काढली. पण पाच कारणं तीच राहिली. म्हणजे अख्ख्या आयुष्यातून या पाच खुंट्यांना टांगता येईल तेवढंच वेगळं काढायचं आणि तारीखवार लावायचं.

हे वेगळं काढण्याचं काम मी केलं आहे. एक बाई आपल्या अंगणातल्या झाडाबद्दल बोलत होत्या. सासऱ्यांनी लावलेलं, दुपारी त्याच्या सावलीत शेजारणी बसायच्या, कोणाची जागा कुठे ते ठरलेलं. वकिलांनी घड्याळाकडे पाहिलं. मी दुभाष्याला म्हटलं, त्यांना सांग, ते झाड राहू दे, माणसं किती वाजता आली ते विचार. त्यांनी निमूटपणे वेळ सांगितली. जबाबात झाड आलं नाही. तिथे त्याचा उपयोग नव्हता आणि त्यांना आश्रय मिळाला, यात मला समाधान आहे. पण झाडाबद्दल सांगताना त्यांचा हात हवेत फांद्यांचा पसारा दाखवत होता, तो मध्येच खाली आला, हे मी विसरलेले नाही. तुमचा कार्यक्रम त्या झाडासाठी आहे, असं मी म्हणेन.

हे आपोआप होत नाही मात्र. इतक्या वेळा पारखून घेतल्यावर हकिगत जबाबाच्या साच्यात घट्ट बसते. अशाच एका संध्याकाळी एक गृहस्थ उभे राहिले, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, आणि नाव सांगून लगेच म्हणाले, "जन्मतारीख १ जानेवारी." कोणी विचारलीही नव्हती. कदाचित ती त्यांची खरी जन्मतारीखही नसेल. ज्यांच्या जन्माची नोंदच झालेली नाही त्यांच्या कागदांवर नोंदणी करणारे १ जानेवारी घालतात, त्यामुळे निर्वासितांच्या कितीतरी कुटुंबांत आईबाप-मुलं सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. त्या गृहस्थांना मी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हटलं, इथे कोणी काही लिहून घेत नाही. तरी पुढची पाच मिनिटं ते तारखाच सांगत होते.

तारखांवरून आठवलं. सूत्रसंचालन करताना कोणाचीही तारीख दुरुस्त करू नका, "पण मघाशी तुम्ही मे महिना म्हणालात" असं तर कधीच नाही. ब्रिटनमध्ये कोसोवो आणि बोस्नियाच्या निर्वासितांना काही आठवड्यांच्या अंतराने तेच प्रसंग पुन्हा विचारून केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. या लोकांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, खोटं बोलण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. तरीही प्रत्येकाच्या दोन सांगण्यांत फरक आढळले. ज्यांना आघाताचा मानसिक त्रास जास्त होता त्यांच्या बाबतीत मधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले. आणि प्रसंगाच्या गाभ्यापेक्षा आजूबाजूच्या तपशिलांत ते अधिक होते. आठवण अशीच चालते. पण मुलाखतीच्या खोलीत याच फरकांवरून लोक खोटे ठरतात, म्हणून त्यांच्या मनात तारखेची धास्ती बसलेली असते. शिवाय कालगणनाच वेगळी असते. इथिओपियात वर्ष १३ महिन्यांचं, सन सात-आठ वर्षांनी मागे, आणि तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा तिथला एक. अफगाणांच्या सौर पंचांगात वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. दुभाष्याने घाईत "दोन वाजता" एवढंच भाषांतर केलं, की सकाळी आठला घडलेली गोष्ट मध्यरात्रीनंतरची होऊन बसते. अशा एका 'दोन'साठी मी सबंध सुनावणी पुढे ढकलली गेलेली पाहिली आहे.

म्हणून पहिला प्रश्न "तुम्ही देश का सोडला?" हा नको. तो अधिकाऱ्याचा प्रश्न आहे. मी सहसा विचारते, "तिथे सकाळी जाग आल्यावर पहिला आवाज कसला यायचा?" कोणी कोंबड्याचा सांगतं, कोणी खालच्या गॅरेजचं शटर, कोणी आईच्या बांगड्यांचा. आवाज सांगताना माणूस आपसूक स्वतःच्या भाषेतला शब्द वापरतो आणि तिथून बोलणं त्याचं होतं. सैनिकांपर्यंत, बोटीपर्यंत, विमानतळापर्यंत यायचं असेल तर तो आपणहून येईल. नाही आला, तर त्याचा प्रवास अपुरा राहिला असं समजू नका.

दुसरा मार्ग वस्तूचा. कार्यक्रमाआधी प्रत्येकाला सांगा, की वाटेत जवळ होती अशी एखादी वस्तू आणावीशी वाटली तर आणा. "वाटली तर" हे नीट सांगा, कारण कित्येकांपाशी काहीच उरलेलं नसतं. एक शिवणकाम करणाऱ्या बाई मापाची टेप घेऊन आल्या होत्या. पिवळी, कडा उसवलेली, एका टोकाची पितळी पट्टी निघालेली. टेबलावर ती उलगडून त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बॉलपेनच्या तीन रेघा, ९२ वर, ९७ वर आणि १०४ वर. जिथे जिथे थांबावं लागलं तिथे त्यांनी मुलाची उंची मोजली होती. पहिल्या शहरात एका गोदामाच्या भिंतीपाशी, मग छावणीतल्या तंबूच्या खांबाला टेकवून, मग या देशातल्या पहिल्या खोलीच्या दारात. छावणीत किती काळ होतात, हे अधिकाऱ्याने तीनदा विचारलं तरी त्यांना सांगता आलं नव्हतं. टेपवर ते सात सेंटिमीटर होतं. त्या बाई वीस मिनिटं बोलल्या, त्यात सीमा ओलांडली ती रात्र एका वाक्यात आली आणि बाकी सगळं वाट पाहण्याबद्दल होतं. रांगा, यादीत नाव शोधणं, शेजारच्या तंबूतल्या म्हातारीकडून शिकलेला टाका, मुलाला शाळा नव्हती म्हणून पुठ्ठ्यावर काढलेली अक्षरं.

माझ्या अनुभवात खरा प्रवास बहुतेकांचा असाच असतो. श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र आणि बोट असते, किंवा कोलंबिया आणि पनामाच्या मधलं दारियेनचं जंगल, जिथून २०२३ या एका वर्षात पाच लाखांहून जास्त माणसं चालत गेली. हे सगळं भयंकर आहे आणि खरं आहे. पण बोटीवरचे दिवस हातावर मोजण्याइतके, आणि वाट पाहण्याची वर्षं मात्र संपता संपत नाहीत. केनियातली दादाब छावणी १९९१ मध्ये उभी राहिली, काकुमा १९९२ मध्ये. तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झाली आहेत. २५ हजारांहून अधिक लोक पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असे अडकून पडले, की संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था त्या परिस्थितीला दीर्घकालीन म्हणते, आणि जगातले बरेचसे निर्वासित अशाच परिस्थितीत आहेत. तिसऱ्या देशात रीतसर पुनर्वसन होण्याची संधी एका वर्षात शंभरातल्या एकालाही मिळत नाही. तेव्हा कोणी वाट पाहण्याबद्दल बोलू लागलं, तर "आणि मग तुम्ही इथे कसे पोहोचलात?" असं म्हणून पुढे रेटू नका. तिथेच थोडं थांबा. त्या काळात दिवस कसा काढायचात, हे विचारा. मला आजवर मिळालेली सर्वांत सुंदर उत्तरं या प्रश्नाची आहेत.

प्रवास पोहोचल्यावरही संपत नाही, आणि इथे नोकरीसाठी आलेल्यांची बाजू येते. ते संकोचतात. "मी काय, विमानाने आलो, माझ्यावर कुठे काय गुदरलंय," असं म्हणून ते निर्वासितांच्या शेजारी बसायला कचरतात. कायद्यात दोघांतला फरक महत्त्वाचा आहे आणि तो पुसू नये. जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत धाडता येत नाही, हा करारातल्या ३३ व्या कलमाचा आधार नोकरीसाठी आलेल्याला नसतो. पण व्यासपीठावर दुःखाची उतरंड लावायची गरज नाही. माझ्या ओळखीच्या एक परिचारिका आपल्या देशात अकरा वर्षं अतिदक्षता विभागात होत्या. नव्या देशात पदवीला मान्यता मिळेपर्यंत चार वर्षं त्यांनी त्याच प्रकारच्या विभागात फरशी पुसली. यंत्राचा सूर बदलला की त्यांना डॉक्टरांच्या आधी कळायचं आणि त्यांना काही बोलता यायचं नाही. या चार वर्षांबद्दल त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं.

शब्दही त्यांच्याकडून घ्या. आपला 'निर्वासित' हा शब्द मला नेहमी अडतो. निर्वासित म्हणजे घराबाहेर घालवलेला. त्या माणसाचं काय केलं गेलं एवढंच तो सांगतो, आणि पंधरा वर्षं होऊन, घर करून, मुलं पदवीधर होऊनही तो चिकटून राहतो. कायद्याच्या कागदावर तोच लागेल. तुमच्या पत्रिकेवर मात्र प्रत्येकाला स्वतःबद्दल काय लिहायचं आहे ते विचारा. कोणी 'शिक्षक' सांगेल, कोणी 'दोन मुलींची आई'. प्रवासालाही लोकांचे आपले शब्द आहेत. आग्नेय युरोपातल्या बाल्कन देशांमधून सीमा ओलांडण्याच्या प्रयत्नाला त्या वाटेने जाणारी मुलं 'गेम' म्हणतात. आज गेम, काल गेम, सतरावी गेम. अल्जीरियात समुद्र ओलांडून जाणाऱ्यांना 'हर्रागा' म्हणतात, जाळणारे, कारण ते आपले कागद जाळतात. सोमाली लोकांत या जीवघेण्या वाटेला 'तहरीब' हा शब्द आहे. असा एखादा शब्द आला तर मराठीत घाईने बसवू नका. त्याचा अर्थ काय, पहिल्यांदा कोणाकडून ऐकला, हे विचारा.

आता जरा कठोरपणे लिहिते, कारण इथे झालेली चूक दुरुस्त होत नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी एका तरुणाचा फोटो, नाव आणि गावासकट, त्याच रात्री समाजमाध्यमांवर टाकला. हेतू चांगला होता. त्याने कार्यक्रमात बोलायला होकार दिला होता, आणि तोच होकार सगळ्याला आहे असं धरलं गेलं. आठवड्याभरात त्याच्या आईच्या दारात माणसं येऊन गेली. आई बचावली, पण तिला घर सोडावं लागलं. मी त्या कार्यक्रमात होते. फोटो काढताना पाहिला आणि काही बोलले नाही, याची बोच मला आजही आहे.

तेव्हापासून मी संमती तुकड्यांत घेते. बोलायला तयार आहात का, हा एक प्रश्न. आवाज नोंदवला तर चालेल का, हा दुसरा. चेहरा, खरं नाव, गावाचं नाव, इंटरनेटवर जाणं, प्रत्येकासाठी वेगळं विचारायचं, त्यांच्या भाषेत, आणि कार्यक्रमाच्या दिवशी नाही, निदान आठवडाभर आधी. एका गोष्टीला हो आणि दुसरीला नाही म्हणणं त्यांना सोपं जावं, म्हणून 'नाही' हा पर्याय मी आधी वाचून दाखवते. ज्यांचा आश्रयाचा अर्ज अजून निकालात निघालेला नाही त्यांनी आपल्या वकिलाला विचारल्याशिवाय जाहीर बोलू नये. मंचावर सांगितलेलं आणि जबाबातलं ताडून पाहिलं जाऊ शकतं, आणि त्या फरकांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. वाटेत मदत करणाऱ्यांची किंवा पैसे घेऊन पार करणाऱ्यांची नावं कोणी घेतली तर ती ध्वनिमुद्रणातून काढा. फोनवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती दडलेली असते, तीही काढता येते. श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा, फोन खिशात ठेवा. मुलांचे चेहरे कुठेही नकोत, आईवडील हो म्हणाले तरी.

दुभाषी घ्यायचा तर पैसे देऊन, शिकलेला घ्या. घरातल्या मुलाला आईबापांचा दुभाषी कधीही करू नका. बारा वर्षांच्या मुलीला वडिलांचा तुरुंगवास स्वतःच्या तोंडाने सांगायला लावणं हे मी पाहिलं आहे. तिने त्यातला निम्मा भाग गाळला आणि ते वडिलांच्या लक्षात आलं. दुभाषी त्याच समाजातला असला तर आधी सांगणाऱ्याला विचारा. लहान समाजात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि कोण कोणत्या बाजूचा होता तेही. कार्यक्रमाआधी दोघांना अर्धा तास एकत्र बसू द्या. नात्यांचे शब्द तेव्हाच स्पष्ट होतात. सोमालीत बापाच्या भावाला 'अदेर' आणि आईच्या भावाला 'अब्ती' म्हणतात, आपल्या काका-मामांसारखं. इंग्रजीतून आलं की दोघेही 'अंकल' होतात, आणि ज्या मामाने लपवलं तोच ज्या काकाने पकडून दिलं तो वाटू लागतो. मराठीत तुम्हाला हे नीट सांगता येतं, ती सोय वाया घालवू नका. दुभाषी असेल तर दहा मिनिटांची वीस धरा.

मांडणीबद्दल फार लिहीत नाही. मंच आणि माईकपेक्षा छोटी टेबलं बरी. २००० साली कोपनहेगनमधल्या काही तरुणांनी माणसांचं ग्रंथालय ही कल्पना काढली, ज्यात पुस्तकाऐवजी माणूस अर्ध्या तासासाठी वाचायला मिळतो. तुमचं तर ग्रंथालयच आहे. पाच-सहा श्रोते एका टेबलाभोवती बसले की सांगणाऱ्याला त्यांचे चेहरे दिसतात आणि उठून जाणंही सोपं पडतं. त्याची खुर्ची दाराच्या बाजूला ठेवा, पाठ भिंतीला. माझ्याकडे आलेल्या बहुतेकांनी स्वतः निवडताना हीच जागा निवडली.

श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या. सांगणाऱ्याने त्या आधी वाचाव्या आणि हव्या त्याच उचलाव्या. "परत जाणार का?" ही चिठ्ठी हमखास येते. विचारणारा कुतूहलाने विचारतो, ऐकणाऱ्याला "कधी जाताय?" असं ऐकू येतं. "बेकायदा आलात का?" हीही येते, आणि तिचं उत्तर द्यायचं ओझं सांगणाऱ्यावर टाकू नका, ते तुम्ही द्या: धोक्यातून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये, असं १९५१ च्या कराराचं ३१ वं कलम सांगतं. "सगळे आमच्याकडेच का येतात?" याचंही उत्तर हाताशी ठेवा. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं बळजबरीने विस्थापित झालेली होती. त्यांतली ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशाच्या हद्दीत होती. आणि जे सीमा ओलांडून गेले त्यांतलेही जवळपास दोन-तृतीयांश शेजारच्याच देशात थांबलेले आहेत, बरेचदा तो शेजारी स्वतःच गरीब.

"इथे आल्याचा आनंद झाला ना?" हा प्रश्न कृपा करून तुम्हीही विचारू नका. तुमच्या पाहुण्यांना नव्या देशाबद्दल कृतज्ञता वाटत असेल, त्याच दिवशी रागही येत असेल. कृतज्ञता मागून घेतली, की रागाला बोलायला जागा राहत नाही, आणि माणूस पुन्हा अधिकाऱ्यापुढे उभा राहिल्यासारखा बोलू लागतो.

मानधन द्या. वक्त्याला देता तेवढंच, आणि पाकिटात, सगळ्यांसमोर नाही. अर्ज प्रलंबित असलेल्यांना पैसे घेण्याची परवानगी नसेल तर प्रवासखर्च द्या आणि मुलांना सांभाळायला कोणीतरी नेमा. ऐन वेळी कोणी आलं नाही, किंवा येऊन बोललं नाही, तरी मानधन पूर्ण द्या आणि हे आमंत्रणातच लिहा. हे लिहिलेलं असतं तेव्हा माणसं जास्त येतात, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. जाहीर बोलल्यानंतरची रात्र बऱ्याच जणांना जड जाते. झोप लागत नाही, नको ते सांगितलं असं वाटत राहतं. फोनवर कार्यक्रमाचं कौतुक नको, झोप लागली का एवढं विचारा. जवळच्या समुपदेशन केंद्राचा नंबर आधीच काढून ठेवा, त्यांच्या भाषेत बोलणारं कोणी तिथे आहे का ते पाहून.

आणि ध्वनिमुद्रणाची प्रत ग्रंथालयात ठेवण्याआधी सांगणाऱ्याला द्या. ऐकायला, घरच्यांना ऐकवायला, वाटलं तर काही काढून टाकायला. मी महिनाभर मुदत देते आणि त्यानंतरही कधीही काढून घेता येईल असं लिहून देते. टेपवाल्या बाईंनी तिसऱ्या आठवड्यात फोन केला. मला वाटलं सीमेवरच्या रात्रीचं ते एक वाक्य त्यांना नको असेल. पण ते त्यांना राहू द्यायचं होतं. काढायची होती ती शेजारच्या तंबूतल्या म्हातारीची ओळख, कारण ती अजून तिथेच होती आणि तिला विचारलेलं नव्हतं. आम्ही ती सव्वा मिनिटं काढली. पुढे त्यांनी छावणीत निरोप पाठवून तिला विचारलं, तिने होकार कळवला, आणि पाच महिन्यांनी ती सव्वा मिनिटं आम्ही पुन्हा जोडली.